इंटरनेटचा वापर आणि हुकूकुल इबाद



सूरह अन-नूरच्या पंधराव्या आयतीत एक शब्दप्रयोग आला आहे. मदिनेत एक खोटी बातमी पसरत होती, तेव्हा लोक ती आपल्या जिभांनी घेत होते, असे अल्लाह तआलाने तेथे सांगितले आहे. बातमी माणूस कानांनी घेतो आणि जिभेने सांगतो. मग जिभांनी घेतली असे का म्हटले? मुफस्सिरांनी याचा खुलासा असा केला आहे की ऐकणे आणि सांगणे यांच्यामध्ये विचाराला जी सवड मिळावयास हवी होती, ती उरलीच नव्हती. गोष्ट कानावर पडली की तत्क्षणी जिभेवर येत होती. त्याच आयतीत पुढे म्हटले आहे की लोक ही बाब किरकोळ समजत होते, पण अल्लाहपाशी ती फार मोठी होती.

आपल्या हातातील मोबाइलवर जिभेचे हे काम आता अंगठा करतो. पूर्ण न वाचलेला संदेश, शेवटपर्यंत न पाहिलेली चित्रफीत, ज्याचा उगम ठाऊक नाही असा फोटो एका स्पर्शासरशी शंभर घरांत पोहोचतो. हे करणारा माणूस पाच वक्ताचा नमाजी असतो, कदाचित हाजीही असतो आणि आपण काही वाईट केले असे त्याच्या मनातही येत नाही. म्हणूनच या विषयाकडे दीनच्या दृष्टीने पाहणे आवश्यक झाले आहे.

ती बातमी कोणती होती, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना एका मुक्कामावर उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधण्यास त्या थोड्या दूर गेल्या. त्या आत बसल्या आहेत असे समजून लोकांनी त्यांचा पडद्याचा हौदा उंटावर चढवला आणि काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना पाहिले, आपला उंट बसवला, त्यांना वर बसू दिले आणि नकेल धरून स्वतः पायी चालत ते लष्कराला येऊन मिळाले. घडले ते एवढेच. मुनाफिकांचा सरदार अब्दुल्लाह बिन उबई याने त्यावर किटाळ रचले आणि जवळजवळ महिनाभर मदिना या कुजबुजीत होरपळत राहिली. ज्यांच्यावर हे किटाळ आले, त्या हजरत आयशा (रजि.) आजारी होत्या आणि आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे त्यांना बरेच दिवस कळलेही नाही. इंटरनेटवर ज्यांची बदनामी होते, त्यांची स्थिती बहुधा अशीच असते. साऱ्या गावाला कळलेले असते आणि त्या घराला सर्वांत शेवटी कळते.

या प्रसंगातील दोन माणसांचे वर्तन लक्षात ठेवण्यासारखे आहे. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना त्यांच्या पत्नीने विचारले की लोक काय म्हणत आहेत ते तुम्ही ऐकले का. त्यांनी उलट विचारले की तू असे कृत्य केले असतेस का. पत्नी म्हणाल्या, अल्लाहची शपथ, कधीच नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की आयशा (रजि.) तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. बातमी त्या घरात आली आणि तेथेच संपली. दुसरे उदाहरण हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचे. प्रेषित (स.) यांच्या पत्नींमध्ये हजरत आयशा (रजि.) यांची बरोबरी करू पाहणाऱ्या त्याच होत्या, असे स्वतः हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगून ठेवले आहे. सवतीविषयी बोलण्याची यापेक्षा मोठी संधी कोणती? पण प्रेषित (स.) यांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की मी माझे कान आणि डोळे जपते, मला त्यांच्याविषयी चांगल्याखेरीज काहीही ठाऊक नाही. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणणार नाही आणि जे ऐकले नाही ते ऐकले म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा होता. त्यांची सख्खी बहीण मात्र त्या कुजबुजीत ओढली गेली.

येथे शरीअतने जो नियम घालून दिला, तो साक्षीचा आहे. पवित्र स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत; न आणल्यास ऐंशी फटके आणि पुढे त्याची साक्ष कधीही मान्य होऊ नये, असा हुकूम याच सूरहच्या चौथ्या आयतीत आहे. पाचव्या आयतीत तौबा करून सुधारणाऱ्यांचा अपवाद आहे. अशा शिक्षा झालेल्या माणसाची साक्ष तौबेनंतर पुन्हा ग्राह्य होते की नाही, यावर इमामांत मतभेद आहे. आपले कोकणी बंधू ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात ती ग्राह्य धरली जाते. हनफी मसलकात धरली जात नाही. हा मतभेद येथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की खोटा आरोप करणाऱ्याच्या शब्दाची पत जाते, हे सर्वांनाच मान्य आहे. वाद आहे तो ती परत मिळण्याविषयी. आता आपल्या ओळखीच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे पाहा. रोज सकाळी वीस संदेश पाठवणारे जे गृहस्थ तेथे असतात, त्यांच्या शब्दाला कोण किती किंमत देतो?

संदेश पुढे पाठवणे म्हणजे साक्ष देणे होय. अनेकजण संदेशाखाली लिहून टाकतात की ‘आला तसा पाठवला आहे’. त्यांना वाटते की एवढ्याने जबाबदारी टळली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय, जी सहीह मुस्लिमच्या प्रारंभीच आली आहे, असा आहे की माणसाने ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटावे, एवढेच त्याला खोटारडा ठरवण्यास पुरेसे आहे. हदीस लक्षपूर्वक पाहिली तर तिच्यात गोष्ट रचणाऱ्याचा उल्लेखच नाही. जो केवळ ऐकून पुढे सांगतो, त्याच्याविषयी ती आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर कारणही सांगितले आहे: फासिक माणसाने आणलेल्या बातमीचा शोध घ्या, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या जनसमूहाला तुम्ही इजा कराल आणि मग केल्याचा पश्चात्ताप करत बसाल. येथे बातमी आणणारा निदान समोर तरी आहे. आपल्याकडे येणाऱ्या संदेशाचा मूळ कर्ता फासिक आहे की मोमिन, माणूस आहे की यंत्र, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसते.

अजाणतेपणी इजा म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे भिक्षा मागत तेथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ज्यांनी मारले त्यांच्यावर खटला चालला. पण ज्या शेकडो माणसांनी आपापल्या घरी बसून, आपल्या नातवंडांच्या काळजीपोटी तो संदेश पुढे पाठवला, त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. दुनियेच्या न्यायालयात त्यांना कोणी बोलावणारही नाही. सूरह काफच्या अठराव्या आयतीत ज्या सज्ज पहारेकऱ्याचा उल्लेख आहे, तो तर तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द टिपून ठेवतो. त्याच्या नोंदीत काय असेल?

सहीह बुखारीत हजरत समुरा बिन जुंदुब (रजि.) यांनी सांगितलेली एक दीर्घ हदीस आहे. प्रेषित (स.) यांना स्वप्नात काही माणसांना होणारा अजाब दाखवण्यात आला. त्यांपैकी एकाचा जबडा लोखंडी आकड्याने मानेपर्यंत फाडला जात होता. एक बाजू फाडून दुसरीकडे वळेपर्यंत पहिली पुन्हा सांधली जाई आणि कियामतपर्यंत हेच चालणार होते. विचारल्यावर सांगण्यात आले की हा असे खोटे बोलत असे, जे लोक त्याच्याकडून उचलून दिगंतापर्यंत पोहोचवत. एका माणसाच्या तोंडातील खोटे दिगंतापर्यंत कसे पोहोचेल, असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या वाचकाला पडला असेल. आपल्याला तो पडत नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. ही बंधने एका व्यापारी कंपनीने घातली. ईमानधारकावरील बंधन त्याहून चौदाशे वर्षे जुने आहे.

यावर आपल्यातील पुष्कळांच्या मनात येणारी गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ते म्हणतात, अफवांचा मार तर आम्हीच खात आलो आहोत, मग उपदेश आम्हालाच का? मार खाल्ला हे खरे आहे. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसर येथे नमाजहून परतणाऱ्या एका तरुण नोकरदाराला जमावाने ठार मारले. फेसबुकवर फिरलेल्या काही आक्षेपार्ह चित्रांवरून शहर तापलेले होते आणि त्या चित्रांशी त्या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत दिल्लीच्या मरकजचे निमित्त करून साऱ्या मुस्लिम समाजाला रोग पसरवणारा ठरवण्यात आले. आपल्या गल्लीतील भाजीवाल्याला त्याचे नाव विचारले जाऊ लागले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तब्लिगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे दिसते असा अभिप्राय दिला आणि प्रसारमाध्यमांतील अपप्रचारावर ताशेरे ओढले. निकाल सर्वांना कळला का? ज्या वेगाने आरोप पसरला त्याच्या शतांश वेगानेही तो पसरला नाही.

पण आपण मजलूम आहोत म्हणून आपल्याला तेच करण्याची मुभा मिळते काय? सूरह निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात अनेक मुफस्सिरांनी बनू उबैरिक या घराण्याचा प्रसंग दिला आहे. रिवायतींच्या तपशिलात फरक आहे. एका प्रसिद्ध रिवायतीनुसार त्या घराण्यातील एका माणसाने चिलखत चोरले, ते एका यहुदी माणसाच्या घरी नेऊन ठेवले आणि आळ त्याच्यावर घेतला. कुटुंबीयांनी एकत्र येऊन आपल्या माणसाची बाजू मांडली. चोर स्वतःला मुसलमान म्हणवत होता आणि यहुदींशी संबंध तेव्हा ताणलेले होते. बाह्य पुरावाही त्या यहुदीच्या विरुद्ध जात होता. अशा वेळी वही उतरली आणि तिने त्या निरपराधाला दोषमुक्त केले. ११२ व्या आयतीत तर स्पष्टच आहे की स्वतःचा गुन्हा निर्दोष माणसावर ढकलणारा बोहतानचे आणि उघड पापाचे ओझे आपल्या शिरावर घेतो. ‘आपल्या’ माणसाच्या बाजूने फिरणारा, ‘त्यांच्या’ विरुद्ध रोष पेटवणारा संदेश हाती येईल, तेव्हा ही आयत आठवावी. दुसऱ्या देशातील, दुसऱ्या वर्षातील चित्रफीत आपल्या जिल्ह्यातील म्हणून आपल्याही ग्रुपवर फिरते. ती पाहून एखाद्या पोराचे डोके फिरले तर त्याचा हिशेब ती पाठवणाऱ्यापाशीही मागितला जाईल.

तणावाच्या प्रसंगी नेमके काय करावे, हे सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत सांगितले आहे. शांततेची किंवा भीतीची काही बातमी आली की काही लोक ती पसरवतात. त्यांनी ती प्रेषितांकडे आणि जबाबदार व्यक्तींकडे नेली असती, तर पडताळणी करू शकणाऱ्यांना तिचे मर्म कळले असते. याचे एक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. एका मोहल्ल्यातील हिंदू-मुसलमान आणि पोलीस एकत्र बसत. काही कानावर आले की त्या कमिटीत विचारणा होई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या काळी हाताशी मोबाइल नव्हता, हा एक फायदाच म्हणावा लागेल. आज प्रत्येक वस्तीत निदान दोन-तीन अशी माणसे ठरलेली असावीत, की ज्यांना फोन करून ‘हे खरे आहे का’ असे विचारता येईल आणि जी पोलीस ठाण्याशी बोलून खात्री करतील. तोपर्यंत संदेश आपल्या मोबाइलवरच थांबलेला बरा.

आता हक्कांविषयी. इंटरनेटवर आपण जे मागतो त्यात एकांताचा हक्क मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आपण त्याचे स्वागत केले. पण हाच हक्क आपल्याकडून दुसऱ्यांना द्यावयाचा असतो, तेव्हा काय होते? सहीह बुखारीत हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित (स.) हातातील लोखंडी फणीने डोके खाजवत होते आणि एक माणूस दाराच्या फटीतून आत डोकावत होता. प्रेषित (स.) यांनी त्याला बजावले की तू पाहतो आहेस हे आधी कळले असते तर हीच फणी तुझ्या डोळ्यात खुपसली असती, परवानगी मागण्याचा नियम नजरेसाठीच तर घालून दिला आहे. एवढे कठोर शब्द प्रेषितांच्या मुखी क्वचितच आढळतात. कुणाचा मोबाइल त्याच्या नकळत उघडणे, कुणाच्या मेहफिलीचे, दवाखान्यातील खाटेचे, शोकाकुल घराचे चित्रीकरण करून ते लोकांत टाकणे, ही सारी दाराच्या फटीतील नजर आहे. लग्नात स्त्रियांच्या दालनात काढलेले फोटो त्यांना न विचारता ‘स्टेटस’ला लावणाऱ्या आपल्याच मुला-मुलींना हे घरात सांगावे लागेल.

पती-पत्नीने एकमेकांचा मोबाइल तपासावा का, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत संशय, पाळत आणि गीबत हे तिन्ही एकापाठोपाठ निषिद्ध केले आहेत, आणि त्यांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. संशयातून पाळत सुरू होते आणि पाळतीतून गीबत. निकाहाच्या नात्याला या आयतीतून वगळलेले नाही. आई-वडिलांची गोष्ट वेगळी आहे, कारण लहान मूल त्यांच्या जबाबदारीत दिलेले आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलावरील देखरेख त्याला सांगून, त्याच्या शेजारी बसून व्हावी. लपून केलेली देखरेख मुलाला फक्त लपवणे शिकवते.

आणखी एक दोष आता इतका सर्रास झाला आहे की तो दोष वाटत नाही: स्क्रीनशॉट. अबू दाऊद आणि तिर्मिजीतील एका हदीसचा आशय असा आहे की एखादा माणूस काही सांगताना इकडेतिकडे पाहतो, तर ते सांगणे अमानत ठरते. त्याने ‘कुणाला सांगू नका’ असे शब्द उच्चारलेलेही नाहीत. केवळ मान वळवून आजूबाजूला पाहिले, एवढ्याने ऐकणारा बांधला गेला. मग ज्याने एका व्यक्तीला, एकट्याला, लिहून पाठवले, त्याने आपली मान वळवलीच नाही काय? दोघांतील मजकुराचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे ही अमानतीत खयानत आहे. तलाकच्या वादात आणि वाटणीच्या भांडणात हे शस्त्र सर्वाधिक वापरले जाते आणि त्याने कित्येक घरांतील समेटाची वाट कायमची बंद केली आहे. काजीसमोर किंवा न्यायालयात पुरावा म्हणून ते सादर करणे ही निराळी बाब होय.

मग ज्याच्यावर जुलूम झाला त्याने गप्पच बसावे काय? मुळीच नाही. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही असे सांगताना मजलूमाचा अपवाद केला आहे. तक्रार मांडणे, सत्ताधाऱ्याला प्रश्न विचारणे, अन्याय जगासमोर आणणे हा हक्क आहे आणि इंटरनेटमुळे तो गरिबाच्याही हाती आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणातून एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले. सभ्य भाषेत खरे बोलण्याचा हक्क मागताना आपण घाबरून जाऊ नये. त्या आयतीतील मुभा मात्र झालेल्या जुलमापुरती आहे, जालिमाच्या आई-बहिणीपर्यंत ती जात नाही.

या हक्काची सर्वाधिक गरज आज आपल्या मुलींना आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी काही विकृत तरुणांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या खात्यांवरून चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप बनवली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या, कारण पीडित स्त्रियांनी पुढे येऊन फिर्याद दिली. ज्या घरांनी मुलीला ‘फोटो टाकलाच का’ असे विचारले, तेथून फिर्याद येणे कठीणच. चोरी झालेल्या घराला आपण ‘दागिने घेतलेच का’ असे विचारतो काय? पडदा आणि फोटो यांविषयीचे दीनी मार्गदर्शन आपल्या जागी आहे, ते शांततेच्या काळात द्यावे. संकटात सापडलेल्या मुलीला आधी घराचा आधार हवा. आज चेहरा दुसऱ्याच्या देहावर चिकटवणारी साधने कुणाच्याही हाती आहेत आणि ज्या मुलीने आयुष्यात एकही फोटो टाकला नाही तिचेही असे चित्र बनू शकते. अशा वेळी धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, संदेश पुसून टाकू नयेत, ते पुरावा म्हणून जपावेत आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. स्त्रिया व मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांत नाव न सांगताही पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आणि असे चित्र आपल्या मोबाइलवर आले, तर सूरह नूरच्या सोळाव्या आयतीने शिकवलेले उत्तर आपले असावे, की ही गोष्ट तोंडातून काढणे आम्हाला शोभत नाही. ‘हे खरे आहे का’ असे विचारत ते चार जणांना दाखवणे हाही प्रसारच आहे.

पैशाच्या व्यवहारांविषयी फार लिहित नाही. दुसऱ्याचा माल नाहक खाणे हराम आहे हे सर्वांना ठाऊक आहे. एवढेच सांगावेसे वाटते की रमजानमध्ये आजारी मुलाच्या फोटोसह जी आवाहने येतात, ती पुढे पाठवणाराही एक प्रकारे जामीन राहत असतो. दवाखान्याला एक फोन करण्यास पाच मिनिटे लागतात. मदतीचा पैसा ठगाच्या खात्यात जातो तेव्हा खऱ्या गरजवंताचा हक्क बुडतो.

आता प्रश्न उरतो तो तौबेचा. नमाज कजा झाली तर बंदा आणि त्याचा रब यांच्यातील मामला आहे. बंद्यांच्या हक्कांचे तसे नाही. प्रेषित (स.) यांनी सहाबांना दिवाळखोर कोण हे समजावून सांगितले, तेव्हा नमाज, रोजे आणि जकात घेऊन येणाऱ्या पण कुणाला शिवी, कुणावर आळ, कुणाचा माल असे देणे घेऊन आलेल्या माणसाचे वर्णन केले. त्याच्या नेक्या हक्कदारांना वाटल्या जातील आणि त्या संपल्या की हक्कदारांची पापे त्याच्या माथी येतील. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण खुत्ब्यात अनेकदा ऐकली आहे. आळ दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकला असेल, तर एकांतातील इस्तिगफारने ज्याची अब्रू गेली त्याला काय परत मिळाले? सूरह बकराच्या १६० व्या आयतीत, जी सत्य लपवणाऱ्यांविषयी आहे, तौबा आणि सुधारणा यांच्या जोडीने उघडपणे सांगणे हीही अट घातली आहे. म्हणून खोटा संदेश ज्या ग्रुपवर टाकला, त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर, ‘मी पाठवलेले ते खोटे होते’ असे स्पष्ट लिहावे. केवळ संदेश पुसून टाकणे पुरेसे नाही, कारण तोवर तो पुढे गेलेला असतो. ज्याची बदनामी झाली त्याच्यापर्यंत जाऊन माफी मागावी. हे जड जाते, हे खरेच. त्या दोन ओळी लिहिताना मोठमोठ्यांची बोटे अडखळतात.

अशी कबुली देणाऱ्याशी इतरांनी कसे वागावे, हेही त्याच प्रसंगात आले आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याविषयी बोलणाऱ्यांत मिस्तह बिन उसासा (रजि.) हे होते. ते बद्रमध्ये लढलेले, मुहाजिर, गरीब आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांचे नातेवाईक. त्यांचा खर्च हजरत अबू बक्र (रजि.) हेच चालवत. स्वतःच्या लेकीवर आळ घेणाऱ्याला पोसायचे कसे? आयशा (रजि.) यांची निर्दोषता सांगणाऱ्या आयती उतरल्यावर त्यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहवर काहीही खर्च करणार नाही. तेव्हा सूरह नूरची बाविसावी आयत उतरली. ऐपतदारांनी नातेवाईक, गरीब आणि मुहाजिरांना न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे. अल्लाहने तुम्हाला माफ करावे असे तुम्हाला वाटत नाही काय, असे तिच्यात विचारले होते. हजरत अबू बक्र (रजि.) म्हणाले, का नाही, मला ते हवेच आहे. त्यांनी मिस्तह (रजि.) यांचा खर्च पुन्हा सुरू केला आणि तो कधीही बंद न करण्याची शपथ घेतली.